मानसशास्त्र : एक विद्या आणि तिच्या शाखा
(शहाड येथे भरलेल्या वार्षिक स्नेहसंमेलनातील गुणगौरव समारंभप्रसंगी केलेले भाषण)



या प्रसंगी चार शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही कोणी पंडित नव्हे. येथील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीपट सांभाळण्यात आमची तेहतीस वर्षे गेली. पाळीचा भोंगा, फाटकावरची गर्दी आणि कल्याण-आंबिवलीच्या मधले हे शहाड स्टेशन, एवढेच आमचे जग. परंतु ‘विषय तुमच्या मनाचा घ्या’ असे चिटणिसांनी सांगितले आणि आम्ही तो शब्द अक्षरशः उचलला. मनाचाच विषय आज आम्ही घेतला आहे. महाविद्यालयात मानसशास्त्र म्हणून जी विद्या शिकवितात ती काय आहे, तिच्या शाखा कोणत्या, आणि आपल्या घरांतील मुलामुलींनी ती शिकावी की नाही, हे आपणांपुढे मांडावयाचे आहे. या विषयाने आमच्या घरात काही वर्षे ठाण मांडले होते. जे सांगणार आहोत ते त्या अनुभवातून आलेले आहे. विद्वत्तेचा दावा नाही.

आज ज्यांचा गौरव झाला त्यांच्या यादीवर आपण सर्वांनी नजर टाकली असेलच. भावी डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, सनदी लेखापाल आहेत. आम्हांस या सर्वांचा अभिमान वाटतो. परंतु एखाद्या घरी चांगले गुण मिळविलेल्या मुलीने ‘मी कला शाखेला जाऊन मानसशास्त्र घेणार’ असे म्हटले, तर त्या घरात काय घडते?

आमच्या घरी ते २०१५ साली घडले. आमची धाकटी कन्या विज्ञान शाखेतून बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि पेढे वाटून होतात न होतात तोच तिने आपला निश्चय सांगितला. तीन दिवस घरात चूल पेटत होती, पण बोलणे बंद होते. आमचे मेहुणे म्हणाले, ‘वेड्यांची डॉक्टरीण होणार की काय?’ सौभाग्यवतींनी हळूच विचारले, ‘हिचे लग्न कसे जुळायचे?’ आम्ही मात्र शहाणपणाचा आव आणून अर्थार्जनाची अडचण सांगितली. या विषयात पोट कसे भरेल, हा आमचा प्रश्न होता. तो प्रश्न खोटा नव्हता. तथापि आमच्या विरोधाचे खरे कारण ते नव्हते. खरे कारण आम्ही पुढे सांगणार आहोत, आणि ते सांगता यावे म्हणूनच हे निमंत्रण स्वीकारले आहे.

हजेरीपट वाचल्याशिवाय त्यावर सही करावयाची नाही, हा आमचा जन्माचा शिरस्ता. तेव्हा आम्ही कन्येस म्हणालो, ‘तुझी पुस्तके आधी आम्हांला वाचू दे.’ तिने कल्याणच्या एका महाविद्यालयात प्रवेश घेतला, आणि पहिल्या वर्षाचे पुस्तक प्रथम आम्ही वाचले.

मानसशास्त्र म्हणजे माणसाच्या वर्तनाचा व त्याच्या मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय पद्धतीने केलेला अभ्यास होय. आता मनाचा विचार आपल्याला नवा आहे काय? मुळीच नाही. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताच्या वृत्तींचे विवेचन केले. समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचले, आणि ते लहानपणी आपल्यापैकी कित्येकांनी पाठ केले आहेत. मनाला उपदेश करण्याची परंपरा आपल्याकडे समृद्ध आहे. या नव्या विद्येने मनाला उपदेश करण्याऐवजी त्याचे मोजमाप करावयास आरंभ केला, एवढाच काय तो फरक. १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी या शास्त्राची प्रयोगशाळा उघडली, आणि तेव्हापासून मानसशास्त्र हे तत्त्वज्ञानाच्या घरातून निघून स्वतंत्र बिऱ्हाड करून राहिले असे मानतात. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

प्रयोग हा शब्द ऐकून आमची कल्पना अशी की, मनाचा प्रयोग कसा होणार? त्याचे उत्तर आम्हांस घरबसल्या मिळाले. कन्येला सरावासाठी कोणी तरी माणूस हवा असे. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याला या शास्त्रात ‘प्रयुक्त’ म्हणतात, आणि आमच्या घरचे कायमचे प्रयुक्त आम्हीच ठरलो. एके रात्री तिने बारा निरर्थक शब्दांची यादी एकेक करून दाखविली आणि आठवतील तेवढे लिहावयास सांगितले. आम्हांला आरंभीचे दोन-तीन व शेवटचे दोन-तीन शब्द आठवले. मधले सारे वाहून गेले. आम्ही खजील झालो. वयोमानाने स्मृती गेली असे आम्ही म्हणालो. ती हसून म्हणाली, ‘बाबा, हे सगळ्यांचे असेच होते. म्हणून तर हा प्रयोग आहे.’

हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने असल्या निरर्थक शब्दांच्या साहाय्याने स्वतःवरच वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८८५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठ केलेल्या गोष्टीचा मोठा भाग आपण पहिल्या काही तासांतच विसरतो, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा थोड्याथोड्या दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, हे त्याने दाखविले. विद्यार्थी-मित्रांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारांनी हे एवढे जरी ध्यानात ठेवले तरी आमचे भाषण कारणी लागले असे आम्ही समजू.

आता शाखांकडे वळू. एका वटवृक्षाच्या पारंब्यांप्रमाणे या विद्येच्या शाखा पसरलेल्या आहेत. कन्या शिकत होती त्या वेळच्या मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी मूलतत्त्वे, दुसऱ्या वर्षी सामाजिक व विकासात्मक मानसशास्त्र आणि तिसऱ्या वर्षी सहा निरनिराळे विषय अशी योजना होती. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या रचनेत बदल होऊन चार वर्षांच्या पदवीचीही सोय झाली आहे. तथापि मुख्य शाखा त्याच आहेत.

विकासात्मक मानसशास्त्र गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत माणूस कसकसा घडतो व बदलतो हे सांगते. दोन वर्षांचे मूल प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ का म्हणते, पंधरा वर्षांचा मुलगा घरात अबोल का होतो, निवृत्त झालेला माणूस घरच्यांवर का चिडतो, हे सर्व त्यात येते. तिसऱ्या प्रश्नाचे प्रकरण कन्येने आमच्या टेबलावर उघडे करून ठेवले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

सामाजिक मानसशास्त्र माणूस समूहात कसा वागतो ते पाहते. १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ यांनी अकराबारा वर्षांच्या मुलांची एक छावणी भरविली. मुलांचे दोन गट पाडले, त्यांच्यात सामने लावले, आणि पाहता पाहता सुस्वभावी मुले एकमेकांचे वैरी झाली. पुढे छावणीचे पाणी बंद पडले, मालमोटार अडली, अशी सर्वांनी मिळून सोडवावयाची संकटे योजिली, तेव्हा ते वैर निवळू लागले. ‘आपले’ आणि ‘परके’ या भिंती किती सहज उभ्या राहतात आणि समान कार्याने कशा खाली येतात, याचा हा धडा होय. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून हे सांगणे काहींना धाष्टर्याचे वाटेल. परंतु आपल्या माणसांची सेवा करताना इतरांविषयी पूर्वग्रह वाढू न देणे हेही मंडळाचेच कार्य आहे, असे आम्ही मानतो.

औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र ही शाखा तर शहाडसारख्या कारखान्याच्या गावाला अगदी जवळची. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून काही वर्षे कामगारांवर प्रयोग झाले. प्रारंभी दिव्यांचा उजेड कमीअधिक करून कामावर काय परिणाम होतो ते पाहावयाचे होते. उजेडाचा आणि उत्पादनाचा सरळ हिशेब जुळेना. तेव्हा आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे आणि आपली विचारपूस होत आहे, या भावनेचाही कामावर परिणाम होतो, या विचाराला त्यातून चालना मिळाली. पुढील संशोधकांनी त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले आहेत, तरी कामगार म्हणजे केवळ दोन हात नव्हेत हा विचार त्यानंतर उद्योगधंद्यांत रुजला. आम्ही तेहतीस वर्षे रात्रपाळीवरून परतणारे चेहरे पाहिले. सलग रात्रपाळ्यांनंतर सही करताना माणसाचा हात कसा रेंगाळतो, ते आम्हांला ठाऊक होते. त्याचे शास्त्र आहे, हे मात्र निवृत्तीनंतर समजले.

मानसशास्त्रीय चाचण्या व संख्याशास्त्र ही आणखी एक शाखा. गणिताला भिऊन जे कला शाखेकडे येतात त्यांनी सावध असावे. येथे सरासरी, प्रमाण विचलन आणि सहसंबंध यांच्याशी गाठ पडतेच. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने व सिमों यांनी शाळेतील मुलांसाठी बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. ‘बिने-कामत कसोटी’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. परक्या भाषेतील प्रश्नांनी आपल्या मुलाची बुद्धी मोजणे हा अन्यायच होय. तो दूर करण्याचे हे कार्य एका शिक्षकाने केले, हे आपण विसरू नये. बुद्धिमत्तेच्या अभ्यासाला शिक्षणाची जोड देण्याचे काम पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने केले, डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली तिची स्थापना केली.

याखेरीज अवधान, स्मृती, विचार यांचा अभ्यास करणारे बोधनिक मानसशास्त्र आहे. अडचणीत सापडलेल्या माणसाला स्वतःचा मार्ग स्वतः शोधण्यास साहाय्य करणारे समुपदेशन मानसशास्त्र आहे. शैक्षणिक मानसशास्त्र आहे. खेळाडूंसाठी क्रीडा मानसशास्त्र, न्यायालये व पोलीस यांना उपयोगी पडणारे न्यायसहायक मानसशास्त्र, मेंदूचे कार्य व वर्तन यांचा संबंध पाहणारे चेतामानसशास्त्र अशा उपशाखा आहेत. यांतील बहुतेकांचा ‘वेड’ या शब्दाशी सुतराम संबंध नाही. मेहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे पहिल्या दोन वर्षांतच मिळाले होते.

तिसऱ्या वर्षी अपसामान्य मानसशास्त्र हा विषय आला. मनोविकार, त्यांची लक्षणे, कारणे आणि उपचार यांचा त्यात विचार असतो. एके रात्री जेवताना कन्येने विचारले, ‘बाबा, तात्याआजोबांना नक्की काय होत होते?’

आमच्या हातातला घास हातातच राहिला. हे नाव आमच्या घरात चाळीस वर्षांत कोणी उच्चारले नव्हते. आमच्या मातोश्रींनी जाण्यापूर्वी नातीला काही सांगितले असावे.

तात्या म्हणजे आमचे धाकटे काका. आमचे मूळ घर मुरबाड तालुक्यातील. तात्या हुशार होते. प्राथमिक शाळेत शिक्षक झाले होते. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ते एकटेच बोलू लागले, कोणी आपल्याला हाका मारते असे सांगू लागले, मग शाळेत जाईनासे झाले. भगत झाला, गंडेदोरे झाले, नवस झाले. ‘बाधा आहे’ असे ठरले आणि त्यांना मागच्या पडवीतील खोली देण्यात आली. आमच्या आत्याला पाहावयास मंडळी येत, तेव्हा तात्यांना आदल्या रात्रीच खळ्यावरच्या खोपीत नेऊन ठेवीत. भाकरी घेऊन त्यांच्याजवळ बसण्याचे काम आमच्याकडे, घरातल्या दहा वर्षांच्या मुलाकडे असे. ते शांत बसत. मधूनमधून एवढेच विचारीत, ‘पाहुणे गेले का रे?’

आत्याचे लग्न झाले. दोन वर्षांनी सासरी ही गोष्ट कळली, आणि त्यानंतर जन्मभर तिला त्याचे टोमणे ऐकावे लागले. तात्या १९७४ साली गेले. त्यांचे वय तेव्हा चाळिशीच्या आतच होते.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे. आमच्या गावाहून ते एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात होते. परंतु ‘ठाण्याला पाठवा याला’ हे शब्द आपल्याकडे थट्टेत नाही तर शिवीसारखे वापरले जात. मग तेथे आपले माणूस कोण नेणार? १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोविकारावर प्रथम वापरण्यात आले आणि त्यानंतर तीव्र मनोविकारांच्या उपचारांचे स्वरूपच पालटले. म्हणजे तात्या खोपीत बसले होते तेव्हा जगात औषध निघालेले होते. आमच्या घराला मात्र गंड्यादोऱ्यांपलीकडचे काही ठाऊक नव्हते, आणि विचारावयाचे तरी कोणाला, हेही ठाऊक नव्हते.

हे सारे सांगून आम्ही कन्येला विचारले, ‘काय झाले असेल त्यांना?’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘मी सांगू शकत नाही, बाबा. ज्याला पाहिलेले नाही त्याचे निदान करायचे नसते. आम्हांला हे सुरुवातीलाच शिकवतात.’ ज्या विद्येचा आम्ही उपहास केला होता तिची मर्यादा आणि तिची सभ्यता या एका वाक्याने आम्हांला कळली.

आता आमच्या विरोधाचे खरे कारण आपल्या ध्यानात आले असेल. मुलीने हा विषय घेतला तर ‘हिला हाच विषय का सुचला’ असे कोणी विचारील आणि झाकलेले उघडे पडेल, ही आमची भीती होती. आम्ही मुलीच्या भवितव्याची काळजी करीत नव्हतो. खळ्यावरच्या खोपीचे दार बंद ठेवीत होतो.

बंधुभगिनींनो, हे दार आमच्या एकट्याच्या घराचे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली झाले. त्यात देशातील प्रौढांपैकी शेकडा १०.६ जण त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त असल्याचे आढळले. त्यांपैकी बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे दहा माणसांत एक. आपापल्या कुटुंबातील माणसे मनातल्या मनात मोजावी, एवढेच आमचे म्हणणे.

आता काही व्यावहारिक गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. औषधे तोच देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या व मानसोपचार करतो, त्यासाठी एम.ए.नंतरही विशेष शिक्षण आणि १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. त्यासाठीची एम.फिल. ही पदवी बंद होण्याच्या मार्गावर असल्याने या वाटेत सध्या फेरबदल होत आहेत. यास्तव कोठेही प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेची मान्यता आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. समुपदेशक हा शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, कारखाने अशा ठिकाणी काम करतो. काही आठवड्यांचा वर्ग करून समुपदेशकाची पाटी लावणारेही दिसतात. त्यांच्यापासून विद्यार्थ्यांनी व पालकांनी सारखेच दूर राहावे. पदवी घेतली की काम मिळाले, असे या विषयात होत नाही. पाच वर्षे किमान, पुष्कळदा सातही लागतात, आणि आरंभीची प्राप्ती बेताची असते. आमच्या कन्येने मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील विद्यानगरीत जाऊन-येऊन एम.ए. केले. शहाडहून रोजची ती गाडीची गर्दी! आज ती एका शाळेत समुपदेशक आहे. तिचा पहिला पगार ऐकून मेहुण्यांनी भुवया उंचावल्या, हे आम्ही लपवीत नाही.

परंतु कामाची वाण नाही. आपल्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उभी केली. मन आजारी पडल्यावरच नव्हे, तर निरोगी असतानाही त्याकडे पाहावे, हा विचार तिने घरोघरी नेला. कर्जतला डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या घरी पोचविते. या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कायदाही बदलला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली, उपचार मिळण्याचा हक्क दिला आणि त्याच्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन उपचारकर्त्यांवर घातले. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे; १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरी भिंतीवर लिहून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. आमच्या आजोबांपाशी असा क्रमांक नव्हता.

शेवटी विवाहाची गोष्ट. २०२२ साली कन्येचे नाव आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचक नोंदवहीत आम्ही घातले. पहिल्याच भेटीत तात्यांविषयी सांगावयाचे, असा तिने आग्रह धरला. एका स्थळाने दुसऱ्या दिवशी नकार कळविला. सौभाग्यवती त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या स्थळाच्या मातोश्री ते ऐकून बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, ‘आमच्याकडेही एक आहेत. आम्ही ते कोणाला सांगितले नव्हते.’ तो संबंध जुळला. आज त्या घरातील आजारी व्यक्ती नियमित उपचार घेते आणि सणासमारंभास सर्वांबरोबर पंक्तीत बसते. सत्य सांगितल्याने सर्वच संबंध जुळतील असे आम्ही म्हणत नाही. परंतु लपवून जुळविलेल्या संबंधाची किंमत आमच्या आत्याने चाळीस वर्षे मोजली. विवाहाच्या संमतीच्या वेळी महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणूक केल्यास तो विवाह रद्द ठरविण्यासाठी न्यायालयात जाता येते, हे हिंदू विवाह कायद्यातही आहे. तथापि कायद्याच्या भीतीपेक्षा माणुसकीच्या लाजेने हे व्हावे.

मंडळापुढे आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली अशी की, मंडळाची उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती वैद्यकी, अभियांत्रिकी व वाणिज्य यांपुरतीच आहे. ती मानसशास्त्रासारख्या विषयांच्या एम.ए.ला व त्यापुढील शिक्षणालाही खुली करावी. या मार्गावरील मुले पहिल्या तीन वर्षांत नव्हे, तर पुढील वर्षांत पैशाअभावी गळतात. या कामी प्रारंभ म्हणून आमच्या निवृत्तिनिधीतून एक अल्प रक्कम आम्ही आज अध्यक्षमहाराजांकडे सुपूर्द करीत आहोत.

दुसरी सूचना अगदी लहान आहे. मंडळाने कुटुंबपरिचय-पुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हा आमच्या कुटुंबाचा तक्ता आम्हीच भरून दिला होता. आजोबांच्या अपत्यांच्या रकान्यात ‘दोन पुत्र, एक कन्या’ असे आम्ही लिहिले. ते खोटे आहे. त्यांना तीन पुत्र होते. हजेरीपटावरून एक नाव आम्ही आमच्या हाताने गाळले. पुढील आवृत्तीत ही दुरुस्ती करावी. तात्यांचे पूर्ण नाव, जन्मवर्ष आणि ‘प्राथमिक शिक्षक’ हा त्यांचा व्यवसाय लिहिलेला कागद आम्ही चिटणिसांकडे देत आहोत. आणखी कोणाच्या तक्त्यात असा एखादा रकाना राहून गेला असल्यास त्यांनीही तो भरावा.

विद्यार्थी-मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला ही विद्या शिकावीशी वाटली तर डोळे उघडे ठेवून, तिची लांबी आणि कष्ट जाणून तिच्याकडे जा. पालकांनो, मूल तसे म्हणाले तर तीन दिवस अबोला धरू नका; त्याची पुस्तके आधी आपण वाचा.